एका हाताचे लाटणे

नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटला मागे एक बाल्कनी आहे. निवृत्त झाल्यावर तिथे मी लाकूड कातायचे छोटे लेथ मशीन बसवले. जन्मभर ग्रंथालयात लोकांना ‘आवाज करू नका’ सांगितल्यावर आता आवाज करायचा हक्क मला पोहोचतो, असे मी खालच्या मजल्यावरच्यांना सांगून पाहिले. त्यांना ते पटले नाही. मी रव्या केल्या, भोवरे केले, ते नातेवाइकांत वाटले. नातेवाईक तोंडभर कौतुक करायचे आणि वस्तू माळ्यावर टाकायचे.

मग बायकोला अर्धांगाचा झटका आला. बोलणे परत आले, चालणे आले. डावा हात आला नाही. बोटे वस्तूवर ठेवता यायची, दाब देता यायचा नाही.

पोळीला दोन हात लागतात, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. दोन्ही हात कमीजास्त दाब देत राहतात, म्हणून पोळी लाटण्याखाली आपली आपण फिरते. तिची पोळी आता फिरत नव्हती. उजवीकडे ती फाटेल इतकी पातळ व्हायची आणि डावीकडे नुसती कणीक राहायची.

पोळ्यांना बाई लावू या, असे मी सुचवले.

“माझ्या ओट्याशी दुसरी बाई उभी राहणार नाही,” ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या येऊ लागल्या. तिने एक उचलून उभी धरली. पोळी वाकली नाही.

“अहो, मागे पत्ता लिहा आणि पोस्टात टाका.”

तेव्हा आम्ही दोघेही हसलो. पण त्यानंतर ती भातावरच जेवू लागली. दुपारी मी वाचत पडलो की ओट्याशी जायची, एक गोळा लाटायची, मोडायची, पुन्हा लाटायची. मला झोप लागली आहे असे तिला वाटायचे.

मी लाटणी करायला घेतली. पहिले सागवानी, हलके. ते डाव्या बोटांखालून निसटायचे. दुसरे शिसवी, जाडजूड. हाताऐवजी लाटण्याचे वजनच दाब देईल असा माझा हिशेब होता. ते तिला उचलेना. तिसरे मी एका टोकाकडे निमुळते कातले. असे लाटणे सरळ न जाता गोल फिरते, तेव्हा एका हातानेही पोळी वळेल, अशी कल्पना. कागदावर ती उत्तम होती. लाटणे खरोखरच गोल फिरले आणि पोळपाटावरून खाली गेले. तिने ते वाकून उचलले, धुतले आणि ओट्यावर ठेवले.

त्याच सुमारास आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने छंदांचे प्रदर्शन भरवले. चांगल्या वस्तू मी वाटून टाकल्या होत्या, म्हणून ही तीन लाटणीच नेली. बायको पहिल्या रांगेत बसली होती, डावा हात पदराखाली. प्रमुख पाहुणे माजी नगरसेवक होते. त्यांनी निमुळते लाटणे माइकसमोर उंच धरले.

“बघा हा आकार! रुंद सुरुवात, मग हळूहळू निमुळतं होत जाणं. मानवी जीवनाचा प्रवासच नाही का हा?”

“नाही हो,” बायको म्हणाली. “ते पोळपाटावरून पडतं.”

माइकने तेही सगळ्यांना ऐकवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सभागृहानेही वाजवल्या. मला शाल मिळाली. फोटोत लाटणे पाहुण्यांच्या हातात आहे आणि माझ्या हातात नारळ.

परतताना रिक्षा घराशी येता येता ती म्हणाली, “आता आणखी लाटणी करू नका.”

“बाभळीचा एक चांगला तुकडा मिळतोय. या वेळी मधे थोडं—”

“मी लाकडाबद्दल बोलत नाहीये.”

हात आता बदलायचा नाही, हे मला डॉक्टरांनी कधीच सांगितले होते. तिच्यासमोर ते म्हणायला नको, म्हणून मी लाकूड बदलत राहिलो होतो. तिलाही ते ठाऊक असावे. मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावले. परातीत कणीक काढलेली होती. तिने सांगितले तशी मी मळली. पाण्यावरून दोनदा बोलणी खाल्ली. मग तिने पोळपाट माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः तव्याशी उभी राहिली. तिथे एका हाताने भागते.

“दाबताय काय असे? लाकूड तासताय का?”

“फिरत नाहीये ती.”

“फिरेल. उजवा हात सैल सोडा. अजून.”

पोळी थोडी फिरली, मग अडली. तिचा हात पोळपाटाकडे आला आणि मधेच थांबला. तिने तो परत घेतला, सांडशी उचलली.

माझी पहिली पोळी फुगली नाही. ती तिने स्वतःच्या ताटलीत घेतली, तूप लावले आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

“जाड झालीय,” मी म्हणालो.

“झालीय. पुढची लाटा. तवा तापून चाललाय.”