होडीच्या रंगाचा स्टुडिओ

मालवणात माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं; एक खोली, एक पंखा आणि बर्फाचा डोंगर रंगवलेला एक पडदा. त्या बर्फापुढे बसून आख्ख्या गावाने घामाघूम होत फोटो काढले. एका पावसाळ्यानंतर भिंतींवर अशी बुरशी चढली, की गिऱ्हाईक नाक दाबूनच आत यायचं. तेव्हा माझा मित्र म्हणाला, "मी रंगयतंय. फुकट."

हा बंदरावर होड्या रंगवायचा. फुकट कोणाला नमस्कारही न करणारा माणूस! मी विचारलं, "कित्याक रे? तुझा काय अडकला हा?"

"माका आवशीचो फोटो व्हयो."

त्याच्या आईचा एकही फोटो नव्हता. आणि कारण माझ्याच स्टुडिओत चार पायांवर उभं होतं. त्याच्या वडिलांनी माझ्या लाकडी खुर्चीत बसून झकास फोटो काढला आणि महिन्याभरात ते गेले. तेव्हापासून म्हातारी बाजारात मासे विकता विकता सांगायची, "त्या खुर्चेर बसलो तो गेलो!" निम्मं गाव त्या खुर्चीत बसून धडधाकट फिरत होतं, पण तिच्याशी वाद घालणार कोण? मित्र तिला हसायचा. पण ती थकत चालली होती, आणि उद्या ती गेली तर तिचं तोंड बघायचं कुठे, या विचाराने त्याला पोखरलं होतं. म्हणून बेत असा, की खोली ओळखू येणार नाही अशी करायची, खुर्ची टाकून द्यायची आणि मग आईला आणायची.

कामाआधी त्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या काळ्याकुट्ट खोपटाक उजेड दी रे म्हाराजा! माझ्या आवशीक फोटो काढूची बुद्धी दी रे म्हाराजा!" प्रत्येक वेळी "होय म्हाराजा!" ओरडायला मी एकटाच.

मी सामान बाहेर काढून येतो तोवर या पठ्ठ्याने तीन भिंती भडक निळ्या केलेल्या.

"होडीचो उरललो रंग," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्यात टिकता."

"मी स्टुडिओ पाण्यात सोडतंय काय रे, मेल्या?"

अर्धा तास आम्ही एकमेकांचं कूळ काढलं. मग थकलो आणि सामान लावायला घेतलं. टेबल खिडकीशी, आरसा कोपऱ्यात. टाकून द्यायची खुर्ची तेवढी दाराजवळ ठेवून तिच्यावर तो बर्फाचा पडदा टाकला. निळ्यात माणूस कसा दिसतो ते बघायला मी कॅमेरा स्टँडवर चढवला.

तेवढ्यात लेक जेवायला का आला नाही म्हणून त्याची आई माशांची रिकामी पाटी घेऊन दारात. तिने भिंती बघितल्या, पाटी आपटली आणि झाकलेल्या खुर्चीवरच बसकण मारली.

"शिरा पडली तुझ्या तोंडार! ही भिंत की होडी रे? आता हयसर जाळी टाकून बस!"

हात वर, तोंड उघडं. मी बटण दाबलं. मित्र खदाखदा हसला आणि मग त्याला पडद्याखालचे खुर्चीचे पाय दिसले. आईला आयुष्यभर हसणारा हा वाघ पांढराफटक पडला.

"आये, उठ! आदी उठ!"

तिने पडद्याचं टोक उचललं. खुर्चीचा हात ओळखला. मला वाटलं, संपलं, आता आपली धडगत नाही.

"हयसरच बसललो ना तुझो बापूस?"

"होय."

ती त्या लाकडावरून हात फिरवत राहिली. मग पदर सारखा करून म्हणाली, "मगे आसांदे. काढ." आणि गप्प बसली. मी दुसरा फोटो काढला.

निळ्या भिंतींनी दोन्ही फोटोंवर निळी झाक आली. एकमेकांना शिव्या देत आम्ही वर पांढऱ्याचे दोन हात मारले. खुर्ची मात्र राहिली. म्हातारीने पुढे बरीच वर्षं मासे विकले आणि बाजारात नवं सांगायला लागली, "खुर्चेचो काय दोष नाय गो. माझ्या घोवाकच घाई होती."

ती गेली तेव्हा मित्र फोटो मोठा करायला आला. मी दोन्ही पुढे ठेवले. गप्प बसलेल्या फोटोत ती फार सुंदर दिसत होती. त्याने पहिला उचलला, हात वर करून शिव्या घालणारा.

"अरे, ह्येका हार घालतलंस?" मी म्हटलं.

"होय," तो म्हणाला. "गप बसलली माझी आये मी कधी बघूकच नाय."