मासवणच्या वळणावर झडती

त्या मॅनेजरचं नाव मी घेत नाही. तोंड विटाळतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होतो. तारापूरच्या कारखान्यांतून कापडाचे गठ्ठे भरायचे आणि दिल्ली, लुधियाना, पाठवतील तिकडे निघायचं. पालघर सोडून मनोरच्या रस्त्याला लागलं की मासवण, माझं गाव. घर हाकेच्या अंतरावर, पण हायवे लागेपर्यंत गाडी थांबवायची नाही, हा कंपनीचा हुकूम. मग मी वळणावर हॉर्न द्यायचो आणि गाडी अगदी हळू करायचो. आई बांधावरून धावत यायची, भाकरी नि सुक्या जवळ्याचा डबा फडक्यात बांधून वर द्यायची. मी मागच्या खेपेचा डबा खाली द्यायचो. डबा रिकामा परत देऊ नये, ही आमच्याकडची रीत. म्हणून त्यात कधी पेरू भरायचो, कधी गूळ. गाठोडं चांगलं जड व्हायचं.

एका खेपेला लुधियानात माल उतरवला तर एक गठ्ठा कमी निघाला. आणि ऑफिसातल्या कुणीतरी मला मासवणला गाठोडं खाली देताना बघितलेलं. झालं! विचारणं नाही, पुसणं नाही, मी चोर. आमच्या धंद्यात एकदा कानफाट्या नाव पडलं की बोईसरपासून वापीपर्यंत कोणी स्टेअरिंगला हात लावू देत नाही.

पुढच्या खेपेला मॅनेजर जीप घेऊन माझ्या मागावर आला, मला पत्ताच नाही. आईच्या हातात डबा दिला आणि जीप आडवी आली. त्या माणसानं माझ्या आईच्या हातातलं गाठोडं हिसकावलं. पेरू रस्त्यावर ओतले. वर दिलेल्या भाकऱ्यासुद्धा मोडून बघितल्या. अरे, भाकरीत काय कापड लपवतात? शेतातली माणसं कामं टाकून रस्त्यावर जमली. त्यांच्यादेखत हा आईला विचारतो, "म्हातारे, माल कुठं दडवलास?"

सीटखाली टॉमी होती, चाकं खोलायची लोखंडी कांब. डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण मग घरी काय खाल्लं असतं?

काही सापडलं नाही तसा म्हणाला, "चल, गाडी काढ." जणू चहा प्यायला थांबलो होतो.

आई पेरू पदरात वेचत होती. ती केबिनजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांग. तू कायतरी घेतलंस काय रं?"

"आये, नाय गं! तुझी शपथ!"

मागून जीपचा हॉर्न. गाडी काढावी लागली. चारोटीपर्यंत मी एकटाच शिव्या घालत होतो आणि डोळे पुसत होतो.

परत आलो तर कळलं, गठ्ठा बोईसरच्या गोदामातच पडून होता. गाडीत चढवलाच नव्हता. मॅनेजर म्हणाला, "मिळाला तो. विषय संपला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर मुळात चोरच नव्हता!

मी म्हटलं, "साहेब, एकदा मासवणला चला. आईला तुमच्या तोंडानं सांगा."

तो हसला. "तुझ्या आईला खुलासा द्यायला मी खेड्यात येऊ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग मीच गेलो. आई ओटीवर तांदूळ पाखडत होती.

"आये, तो गठ्ठा सापडला. गोदामात."

तिनं सूप खाली ठेवलं. देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मला जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"बरं केलंस, बाबा," ती म्हणाली. "परत नेऊन ठेवलास ना, आता कोण काय बोलनार नाय."