साहेबांसाठी एक इंग्रजी वाक्य

आमची आजी वारली, तेव्हा ती विंचूरहून नाशिकला येणाऱ्या एसटीत खिडकीपाशी बसून शेंगा खात होती.

मुळात वारली होती ती बाबांच्या साहेबांची आई. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टेंपररी होते. किती वर्षं टेंपररी, तर तेवढ्यात मी शाळा संपवून कॉलेजात गेले! त्या महिन्यात काही जणांना कायम करणार होते आणि शब्द चालणार होता तो या साहेबांचाच. अशात त्यांची आई गेली. साहेब कामावर परतले, ते तोंड मिटूनच.

"उद्या सगळे भेटायला जाऊन नुसते उभे राहतील," बाबा म्हणाले. "मी इंग्रजीत बोलणार. साहेबांच्या ध्यानात राहील. तू शिकव."

मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. (घरात तेवढंच इंग्रजी उपलब्ध होतं.) मी वाक्य बांधून दिलं, "सर, आय ॲम व्हेरी सॉरी टु लर्न दॅट युवर मदर इज नो मोअर."

"लर्न म्हणजे शिकणं ना? त्यांची आई गेली, यात मी काय शिकलो?"

"इथे लर्न म्हणजे कळणं, बाबा. जीभ वळायला हवी. घरात येता-जाता वापरा."

झालं! त्या दिवशी बाबांची सुट्टी होती. सकाळी, "आय ॲम सॉरी टु लर्न, दूध नासलं." जेवताना, "आय ॲम सॉरी टु लर्न, आज पुन्हा वांगीच." आईने लाटणं उचललं, तेव्हा तेही सॉरी टु लर्न.

जेवणं झाल्यावर रंगीत तालीम. आईला खुर्चीत बसवून साहेब केलं. बाबा हात जोडून दारातून आत आले.

"तोंड पाडा जरा," मी म्हटलं. "लग्नाला आल्यासारखे काय येताय!"

"टेंपररी माणसाने तोंड आणखी किती पाडायचं?"

बाबांनी वाक्य म्हटलं मात्र, आईला हुंदकाच फुटला. तिची स्वतःची आई तिकडे पेठच्या बाजूच्या गावी वारली होती, आणि ही पोचेपर्यंत माती उरकली होती. तेव्हा राहून गेलेलं रडणं आता बाहेर पडलं. मलाही राहवेना. मी तिच्या गळ्यात पडले.

नेमकं तेव्हाच शेजारच्या सखूबाईंनी खिडकीतून डोकावलं. हात जोडलेले बाबा, रडणाऱ्या मायलेकी!

"अगं बया! विंचूरची म्हातारी गेली गं!"

चहाला उकळी फुटायच्या आत अख्खी कॉलनी आमच्या दारात.

"अहो, ऐका तरी—" बाबा म्हणाले.

"बोलू नका, पगारे! रडून घ्या!" असं म्हणत एकाने त्यांचं तोंड आपल्या छातीशी दाबलं. दुसरा विंचूरला जायला ट्रक ठरवायला धावला. सखूबाईंचे यजमान सेकंड शिफ्टला निघाले होते, ते कारखान्यात बातमी घेऊन गेले. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी बुद्धवंदना सुरू केली. वंदनेच्या मध्ये बोलायचं कसं? आम्ही तिघंही जिवंत आजीसाठी हात जोडून उभे! वंदना संपली तर त्यांचं भाषण सुरू. "ही माउली अत्यंत मितभाषी होती..." (आजी विंचुरात बोलली की निफाडला ऐकू जाई!)

भाषण रंगात आलं आणि दारात जीप थांबली. साहेब! त्यांनी बाबांचे हात धरले. "पगारे, आई गेल्याचं आत्ताच कळलं. फार वाईट झालं."

बाबांचं भानच गेलं. "सर, आय ॲम व्हेरी सॉरी टु लर्न दॅट युवर मदर इज नो मोअर!"

"माझी नाही, पगारे. तुमची."

"नाही सर, तुमची!"

"अहो, तुमची गेली म्हणून तर मी आलो!"

"कोन मेलं रं?" दारात कांद्यांची पिशवी घेऊन आजी उभी होती.

साहेबांनी आजीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आई जिवंत असताना? कायम होण्यासाठी इतकं, पगारे?"

बाबा पांढरेफटक पडले. गेली नोकरी!

आईने कसंबसं आजीला सांगितलं, की आई या साहेबांची गेली आहे. आजीने पिशवी खाली ठेवली आणि साहेबांना दंडाला धरून खाटेवर बसवलं.

"माय गेली व्हय, लेकरा? लय वाईट झालं. सकाळपासून काय खाल्लं का नाय?"

"नाही," एवढंच साहेबांच्या तोंडून निघालं, आणि तो एवढा मोठा माणूस आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. कॉलनी रडायच्या तयारीने आलेलीच होती, तीही रडली.

आईने भाकरी वाढता वाढता साहेबांना सगळा घोळ सांगितला. पुढे बाबा कायम झाले. आजी आली, की साहेबही जेवायला येऊ लागले. असंच एकदा हात धुताना त्यांनी मला विचारलं, "तू काय शिकतेस गं?"

"इंग्रजी, सर!" मी मान ताठ करून म्हटलं.

साहेब अगदी मनापासून कळवळले.

"अरेरे!"