दुधाच्या गटातला बोकड

लेंड्या आणि किस्से, दोन्ही झाडायला घेतले की वाटलं त्याच्या दुप्पट निघतात. सावली तालुक्यातल्या दुभत्या शेळ्यांच्या प्रदर्शनात मी तीन वर्षं परीक्षक आहे, म्हणजे माझ्याकडे दोन्हींचा ढीग आहे.

परीक्षक दोन. पदवी घेऊन, गुणांचा तक्ता घेऊन आलेली मी, आणि चाळीस वर्षं बाजारात बकऱ्या घेतलेले-विकलेले मारोतीभाऊ. पहिलं बक्षीस म्हणजे चांगल्या जातीचा एक बोकड. तो शकुनबाईंना हवा होता. त्यांच्या गावात एकच बोकड, निम्म्या शेळ्यांचा तो बाप आणि त्याच शेळ्यांचा नवरा. पिल्लं मरतुकडी होत होती. म्हणून बाई तिन्ही वर्षं आपली तांबडी शेळी घेऊन आल्या.

*

पहिल्या वर्षी मी तांबडीची कास बघत होते. रुंद आहे का, सड सारखे आहेत का, शिरा दिसतात का. मारोतीभाऊंनी शेळीच्या कंबरेवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"अठरा किलो. हाडं धरून."

"भाऊ, हा दुधाचा गट आहे."

"मंग? दूध आटल्यावर का पूजा करशील तिची?"

तांबडी अंगाने किरकोळ. तिला शेवटून दुसरा नंबर मिळाला.

*

एका गुरुजींनी शपथेवर सांगितलं, शेळी दोन वर्षांची आहे. मी जबडा उघडला. पुढचे दात झिजून खुंट झालेले, एक तर नव्हताच. ही शेळी नाही, आजी होती.

"गुरुजी, हे काय?"

गुरुजी जराही हलले नाहीत. "आमच्या गावचं पाणी जड आहे, मॅडम."

मारोतीभाऊ सहानुभूतीने म्हणाले, "तरी म्हनतो, गुरुजींचे दात काऊन गेले."

*

शेळी रिंगणात उभी कशी करायची, याचं मी बायकांना शिक्षण दिलं. मान वर, पुढचे पाय सरळ, मागचे जरा फाकवून, म्हणजे कास नीट दिसते. मारोतीभाऊ झाडाखाली बसून ऐकत होते.

"बकरी होय का फोटोले बसलेली नवरी?"

प्रदर्शनाच्या दिवशी चौदा शेळ्या अशा उभ्या राहिल्या की मला भरून आलं. मग दिसलं, चौदा बायकाही मान वर करून, पाय फाकवून तशाच उभ्या होत्या. मीच शिकवताना करून दाखवलं होतं ना!

मारोतीभाऊंनी माझ्या हातातला तक्ता उलटसुलट करून पाहिला. "पोरी, गुन कोनाले द्याचे तेवढं सांग."

*

जंगलालगतच्या मोहर्लीकडे आम्ही घरोघर जाऊन प्रदर्शनासाठी शेळ्यांची निवड केली. एका गोठ्यात अकरा शेळ्या होत्या. मी तासभर मापं घेतली आणि एकीला सर्वांत जास्त गुण दिले. मारोतीभाऊंना ती पसंत नव्हती.

तीन दिवसांनी मालकाचा फोन आला. बिबट्या येऊन गेला. अकरातली नेमकी तीच नेली.

"पाह्य," मारोतीभाऊ म्हणाले, "त्याले तक्ता नाई लागला."

माझ्याशी सहमत झालेला तो पहिलाच परीक्षक होता.

*

यंदा मी भांडून नियम करून घेतला. शेवटच्या फेरीत दूध रिंगणातच काढायचं आणि मापायचं. कंबर चाचपणं बंद.

शेवटी दोन शेळ्या उरल्या. राइस मिलवाल्या दिवाकरभाऊंची उंच पांढरी आणि शकुनबाईंची तांबडी. दिवाकरभाऊ पँट वर करून खाली बसले. पांढरीने पहिल्याच लाथेत भांडं उडवलं. दुसऱ्या लाथेत भाऊंचा चष्मा.

"घरी कोन काढते दूध?" मारोतीभाऊंनी विचारलं.

दिवाकरभाऊंनी शकुनबाईंकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. त्यांच्या घरचं दूध दोन्ही वेळ शकुनबाईच काढतात, त्यांच्या आठ शेळ्या आपल्या शेळ्यांसोबत चारायलाही त्याच नेतात.

बाई आल्या, पांढरीच्या कानामागे खाजवलं आणि बसल्या. शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. माप भरून वर फेस आला. मग तांबडीखाली बसल्या. माप दोन बोटं रिकामं असतानाच उठल्या.

मी कास चाचपली. "बाई, अजून आहे हिच्यात."

"पिलायले ठेवा लागते, ताई."

"आज नका ठेवू. बोकड जाईल."

"सकाळपासून उपाशी हायेत ते."

मारोतीभाऊंनी पांढरीचं नाव लिहिलं. नियम माझाच होता, मीही खाली सही केली. बाईंना बाजूला घेऊन मात्र बोलले. तीन वर्षं मी कोणासाठी भांडले, चांगुलपणाला काही मर्यादा असते की नाही, सगळं बोलले. त्या पदराला हात पुसत ऐकत राहिल्या.

तेवढ्यात जीपमधून दिवाकरभाऊंचा आवाज आला. "शकुनबाई, हा बोकड उद्यापासून आपल्याच कळपात राहू द्या. अन् त्याले रोज पावभर चने लागते म्हनतात. आमच्या घरून नेत जा."

"हो भाऊ," शकुनबाई म्हणाल्या. बोकडाचा दोर आधीच त्यांच्या हातात होता.