बाईंचा भात आणि वैनगंगेतला शिवडा

वैनगंगेच्या काठी त्या हिवाळ्यात जे तीन मोठे शिवडे मासे निघाले ते माझ्यामुळे निघाले. गळ माझ्या हातात कधीच नव्हता. माझ्या हातात होता जेवणाचा डबा.

मी मंगळवेढ्याकडचा. शाळा आठवीत सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि ऐंशीनंतरच्या एका साली कुणाच्या तरी चिठ्ठीवर गडचिरोलीच्या बाजूला नदीचं पाणी मोजायच्या नोकरीवर येऊन पडलो. काम असं की पाण्यात रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं. बाकी दिवसभर काठावरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं. पावसाळा सरला की पाणी फारसं हलत नसे, पण मी मुळात घाबरट. माझा आकडा चुकला तर धरण फुटेल असं मला वाटायचं. आसपास कुठं धरणच नव्हतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

आल्या आल्या हिवतापाने धरलं. ज्यांच्याकडे खोली घेतली होती ते घर शिंप्याचं काम करणाऱ्या एका बौद्ध माणसाचं होतं. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या बाईंनी नऊ दिवस मला चमच्याने तांदळाची पेज भरवली. मी तापात आईला हाका मारत होतो आणि ओ बाई देत होत्या. अंगातला ताप उतरला तेव्हा मी मनाशी ठरवलं की या बाईंना आपण कशालाही नाही म्हणायचं नाही. तिथंच चुकलं.

कारण बाई भात वाढायच्या. मी ज्वारीच्या मुलखातला. आमच्याकडे भात म्हणजे लग्नात किंवा आजारपणात. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि ताटात असा की पलीकडे बसलेले भाऊ दिसू नयेत. त्यातही माझ्यासाठी खास चिन्नोर तांदूळ, घरच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, वासाचा. भाऊ स्वतः जाडा तांदूळ खात.

"खाय बाबू, लाजून नको राहू," बाई म्हणायच्या. "तापातून उठला आहेस. अंगावर मांस कुठी आहे तुया?"

घरी ताटावर त्यांची नजर असे, त्यामुळे सुटका नव्हती. पण दुपारचा डबा मी नदीवर न्यायचो. चार घास खाऊन पोट तट्ट व्हायचं. उरलेला भात परत न्यावा तर बाईंचा चेहरा बघवला नसता, आणि टाकून द्यावा तर अन्न टाकल्याचं पाप. म्हणून मी पट्टीजवळच्या दगडी पायऱ्यांवर बसून तो थोडा थोडा पाण्यात सोडू लागलो. मासोळ्यांच्या तोंडी गेला म्हणजे टाकला असं होत नाही, अशी मी माझी समजूत घातली.

पहिल्या दिवशी पाचसात मासोळ्या आल्या, बोटाएवढ्या, चांदीच्या. आठवड्याभरात पाणी नुसतं त्यांनी वळवळायला लागलं. डब्याचं झाकण वाजलं की त्या पायरीला येऊन लागत. परक्या मुलखात माझी वाट बघणारं कुणीतरी झालं, म्हणून मला तर बरंच वाटलं.

इकडे घरात भाऊंचं बिनसलं होतं. भाऊंना गरीचा नाद. गरी म्हणजे बांबूची काठी, दोरा आणि गळ. वरच्या अंगाला एक काळा डोह होता, आणि दर हिवाळ्यात भाऊ त्या डोहातून शिवडा काढत. शिवडा हा मिशीवाला, बिनखवल्यांचा, तोंड एवढं की भाऊंची कैची आडवी मावेल. त्या साली दोन महिने झाले, शिवडा लागेना. भाऊंचं मशीनवर लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या.

एक दिवस कंटाळून ते काठाकाठाने खाली चालत आले. मी नुकताच डबा रिकामा केला होता. पायरीजवळ मासोळ्यांचं जत्रेसारखं चाललं होतं. एकाएकी त्या सगळ्या हवेत उडाल्या, पाणी आतून फुगलं आणि एक रुंद काळी पाठ वळून खाली गेली.

भाऊ जागीच बसले.

"हा माया शिवडा," ते हळूच म्हणाले. "डोह सोडून इथी काऊन आला?"

मला काय माहीत, म्हणालो. पण भाऊ शिंपी, त्यांना माप घ्यायची सवय. ते बोटांवर हिशेब मांडावा तसे बोलू लागले. "मोठा मासा जागेसाठी नाई राहत बाबू, पोटासाठी राहतो. मासोळी जिथी, तिथी तो. डोहात मासोळी उरली नाई, म्हणून तोही नाई. आता मासोळी इथी काऊन आली? तिले इथी कोण जेवाले घालून राह्यला?"

बोलता बोलता त्यांनी पायरीवरून एक शीत उचललं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हा तर आमच्या घरचा चिन्नोर आहे."

मी त्यांचे पाय धरले. बाईंना सांगू नका, म्हणालो. मला खोली सोडायला लावा, पण त्यांना सांगू नका. त्या म्हणतील, मेल्याला पेज भरवून जगवला आणि हा माझं अन्न नदीत टाकतो.

"ऊठ अबे," भाऊ म्हणाले. त्यांचा डोळा अजून पाण्यावरच होता. "सांगणार नाई. पण उद्यापासून डबा डबल आण."

तेव्हापासून आमचं दोघांचं चालू झालं. मी दुपारची पट्टी बघून भात सोडायचो. भाऊ दुकान बंद करून यायचे. पहिले दोन दिवस त्यांनी गळाला हातभर मासा लावला, मोठ्याला मोठं लागतं म्हणून. शिवड्याने ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच घोळक्यातली एक बोटाएवढी मासोळी धरली, पाठीत गळ ओवून जिवंतच सोडली. "जे ताटात आहे तेच तो खाईल," म्हणाले. आणि गळ घोळक्यात टाकला नाही, त्याच्या कडेला टाकला, जिथं पायऱ्या संपून पाणी एकदम खोल होतं. "दारात उभा राहतो तो. आत नाई येत." मग चुपचाप बसायचं. मासोळ्या खेळत असेपर्यंत काही नाही. त्या अचानक गप झाल्या, पांगल्या, की भाऊ काठी घट्ट धरत.

पहिला शिवडा सायकलला बांधून नेला तेव्हा त्याची शेपटी रस्त्याला घासत होती. भाऊंच्या दोन डाव्या बाह्यांची गोष्ट गाव त्या दिवसापुरतं विसरलं.

पण दोन डबे मागायचे होते ते मला. मी मान खाली घालून म्हणालो, "बाई, जरा भूक वाढलीय."

बाईंना आनंद मावेना. पहाटे उठून त्या जास्तीचा भात रांधू लागल्या. शेजारणींना बोलावून सांगत, "इकडचा नाई, पण खाते कसा पाहा! नुसता बैलावानी." दोन डब्यांचे तीन झाले. शेजारणी येऊन माझ्याकडे बघत आणि गोंधळून परत जात, कारण मी होतो तसाच, काडीसारखा.

महिन्याभराने आनंदाची काळजी झाली. एवढं खाऊन अंगाला लागत नाही म्हणजे पोटात काहीतरी आहे. एका सोमवारी बाईंनी मला दवाखान्यात नेलं. भाऊही आले, तोंड वाळलेलं. डॉक्टर चंद्रपूरच्या मुसलमान घरातले, अर्धं हिंदी बोलायचे. त्यांनी माझं पोट दाबलं.

"क्या खाते हो दिनभर?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "तीन डबे भात, डॉक्टरसाहेब! सकाळ-संध्याकाळचं वेगळं."

डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. "बाई, ये पेट तो खाली है."

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ भिंतीवरची लसीकरणाची पाटी मन लावून वाचत होते. डॉक्टर म्हणाले जंत असतील, आणि एरंडेल घालून एक औषध दिलं. खरं सांगितलं असतं तर ते घ्यावं लागलं नसतं. मी घेतलं. पुढचे दोन दिवस पाण्याची पातळी मला धावत जाऊन बघावी लागली.

त्या आठवड्यात भाऊंनी तिसरा शिवडा आणला. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. बाई राख लावून मासा धूत होत्या. त्यांनी पोट चिरलं, आतून अख्ख्या मासोळ्या निघाल्या, सहा-सात. एक फुटलेली होती. बाई वाकल्या. बोटाने काहीतरी वेगळं केलं. मग विळी बाजूला ठेवली.

"अवो," त्या भाऊंना म्हणाल्या, "मासोळीच्या पोटात भात कसा आला?"

भाऊंनी सुईत दोरा ओवायला घेतला.

मी उठून बसलो आणि सगळं बोलून टाकलं. ज्वारी, चार घास, पायऱ्या, डबे. फक्त भाऊंचा भाग गाळला, पण भाऊंची मान इतकी खाली गेली होती की तो बाईंना आपोआप कळला. मी म्हणालो, खोली उद्या सोडतो. आणि लाज वाटली तरी रडलो.

बाई हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुले भात नाई आवडत?"

"आवडतो. एवढा नाही."

"मग सांगाले काय झालतं? मी पाच वाजता उठून रांधून राह्यली, अन् तू एरंडेल पिऊन राह्यला! तोंड नाई तुले?" मग भाऊंकडे वळून, "अन् तुमी! दवाखान्यात पाटी वाचून राह्यले होते! उद्यापासून मासोळ्यांले तुमच्या ताटातला टाका."

खोलीचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी दोनदा काढला, तर म्हणाल्या, गप बस, तोंडी लावायला काय करू ते सांग.

त्या रात्री पंगतीला बाईंनी माझ्या ताटात मूठभर भात घातला आणि पळी तशीच धरून थांबल्या.

"सांग. पुरे का आणखी?"

भाऊ हातातला घास तसाच धरून बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर म्हणालो, "बस बाई. पुरे."

बाईंनी मान डोलावली, बरं म्हणाल्या आणि आणखी एक पळी वाढली.

मी ती खाल्ली.