भंडाऱ्याचा लेप

काही दिवस माझा चेहरा पिवळा होता, आणि त्या दिवसांत मला जेवढा मान मिळाला तेवढा त्याआधी कधी मिळाला नव्हता. त्यानंतर तर नाहीच.

राजूरला माझं घोंगड्या, दोरखंड आणि बैलांच्या घुंगरमाळांचं दुकान आहे. वडील जन्मभर मेंढरांमागे हिंडले, मी घोंगड्या विकायला बसलो आणि माझी लेक सारिका भोकरदनला दवाखान्यात नर्स झाली. आमच्या घरात सगळं बदललं, रंग तेवढा बदलला नाही. वाडवडिलांनी उन्हात कमावलेला तो काळा रंग मी दुकानाच्या सावलीत बसून जसाच्या तसा सांभाळला आणि सारिकाला दिला. (माझी बायको मंदा गोरी आहे. याची ती आठवण करून देत नाही असा आठवडा जात नाही.)

सारिकाला बघायला पाहुणे यायला लागले तेव्हा या वारशाची किंमत मला कळली. एका घरच्या बाई चहा पिऊन, पोहे खाऊन, दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "पोरगी लई गुणाची हाये. पण रंगानं जराशी दबली."

सारिका आतच होती. त्या दिवशी तिनं कपबश्या इतक्या जोरात घासल्या की एका कपाचा कान तिच्या हातात आला. मग बाहेर येऊन म्हणाली, "आबा, कुंभार पिंपळगावचे पाहुणे येनार हायेत ना, ते शेवटचे. त्यांच्यानंतर मला कोनाम्होरं बसवायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

रात्रपाळ्या करून लोकांना जगवणारी माझी लेक, आणि तिचं मोल कोणीतरी पायात चप्पल सरकवता सरकवता करून जातं! मला त्या बाईंचा भयंकर राग आला. राग आलेल्या बापानं काय करावं? काहीतरी बाणेदार बोलावं. मी मोबाईल उघडला.

मोबाईलमध्ये एक बाई होती. ती म्हणाली, बेसन, दही, मध, लिंबू आणि चिमूटभर हळद. घरच्या घरी लेप करा, चेहरा चंद्रासारखा उजळेल. तिच्याखालच्या दुसऱ्या बाईनं मसुराची डाळ सांगितली. तिसरीनं बटाट्याचा रस सांगितला. एकीचं ऐकून दुसरीला कशाला दुखवा, म्हणून मी सगळ्यांचं सगळं एका पातेल्यात घेतलं.

अडचण फक्त हळदीची होती. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा मंदाच्या ताब्यात असतो आणि तिला काही मागितलं की आधी "काहून?" येतं. म्हणून मी देव्हाऱ्याकडे वळलो. आमचं कुळदैवत खंडोबा. घरात भंडारा कायम भरलेला. भंडारा म्हणजे हळदच की! शिवाय देवाची. उजळवायचं काम आणि आशीर्वाद एकदमच होईल, असा माझा विचार. (यात्रेत स्वस्तात मिळणाऱ्या भंडाऱ्यात हळद किती आणि रंग किती, हे तो खंडोबाच जाणे!) आणि चिमूटभर हा शब्द आमच्या घराण्यात नाही. मी मूठभर टाकला.

पाहुणे रविवारी यायचे होते. शनिवारी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला आलेल्या गर्दीत घोंगडी कोण घेतंय, म्हणून दुपारी दुकान बंद करून मी पातेलं घेऊन सारिकासमोर उभा राहिलो.

"हे काय हाये, आबा?"

"काही न्हाई. लेप. थंडावा देतो चेहऱ्याला."

"थंडावा?"

"म्हंजी... उजळतंबी जरासं."

ती पातेल्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणाली, "मंग आधी तुम्ही लावा. रंग तुमचाच हाये ना."

मी लावला. गालाला, कपाळाला, कानामागं, मानेला. तिला वाटावं की यात वाईट काही नाही, म्हणून हसतहसत लावला. वाळेपर्यंत बोलायचं नाही असं मोबाईलमधल्या बाईनं बजावलं होतं, म्हणून पंख्याखाली आडवा झालो आणि गाढ झोपलो.

मंदाच्या किंकाळीनं जागा झालो. तोंड उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखं भेगाळलं होतं. मोरीत जाऊन धुतलं, तर लेप निघाला आणि पिवळा रंग राहिला. कपड्याचा साबण घासला, तर पिवळ्याचा लाल झाला! साबण लागला की हळद लाल होते, हे घरातल्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं, पण मी विचारणारा नव्हतो. भसाभसा पाणी ओतलं, तेव्हा लाल गेलं आणि पिवळं परत आलं, आधीपेक्षा ताजंतवानं.

तेवढ्यात फोन वाजला. "राम राम! मी भगवानराव, कुंभार पिंपळगावहून. चतुर्थीचं गणपतीच्या दर्शनाला आल्तो. म्हनलं उद्याचं आजच करून टाकू. तुमच्या गल्लीतच हावोत."

"आता वो?" मंदा कपाळावर हात मारून म्हणाली. "सांगू का, कावीळ झाली म्हनून?"

सारिकानं माझ्या पापण्या वर करून बघितल्या. "डोळे पांढरेशुभ्र हायेत. कोनी मानायचं न्हाई," असं म्हणून ती साडी बदलायला गेली. तेवढ्या धावपळीतही तिनं मला तपासलं, याचं मला बरं वाटलं.

मी टॉवेलात तोंड लपवायला आणि पाहुणे दारात यायला एकच गाठ पडली. भगवानराव, त्यांच्या मंडळी आणि मुलगा माधव. भगवानरावांनी माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि गरजले, "येळकोट येळकोट जय मल्हार! खंडोबाहून आले वाटतं?"

मी मंदाकडे बघितलं. मंदानं छताकडे बघितलं.

"हो..." मी म्हणालो. "आत्ताच."

"भाग्यवान हायेत! आमचं दोन साल झाले जाणं न्हाई," असं म्हणत ते वाकून माझ्या पाया पडले. मग उठून, मी मागे सरकायच्या आत, माझ्या कानामागे राहिलेला लेप त्यांनी बोटावर घेतला आणि श्रद्धेनं कपाळाला लावला! त्यांच्या मंडळींनी दुसऱ्या कानामागचा घेतला. माधवलाही लावला.

"गर्दी व्हती का?" भगवानरावांनी विचारलं.

"लई," मी म्हणालो.

"तळी भरली का?"

"भरली की."

खंडोबाच्या नावानं मी एकामागून एक थापा मारत होतो आणि मधामुळे भगवानरावांच्या कपाळावर माश्या बसायला लागल्या होत्या.

सारिका चहा घेऊन आली. तिनं तीन पिवळी कपाळं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. ती काय करणार हे मला कळलं, कारण तिचा रंग माझा असला तरी स्वभाव मंदाचा आहे.

"आबा देवाला न्हाई गेल्ते," तिनं ट्रे खाली ठेवला. "तुम्ही येनार म्हनून माझा रंग उजळायला लेप केल्ता त्यांनी. आधी तुम्ही लावा म्हनले मी, तर लावला. आता हा रंग उतरत न्हाई आन् माझा बदलत न्हाई. पटत असंल तर चहा घ्या."

संपलं! शेवटचे पाहुणे, शेवटचा चहा. मला रडू यायला लागलं, आणि पिवळ्या तोंडानं रडणारा माणूस किती वाईट दिसत असेल हेही त्याच वेळी मनात आलं.

भगवानरावांनी कपाळावरचं बोटानं पुसून हुंगलं. "तरीच! म्हनलं, भंडाऱ्याला दह्याचा वास काहून येऊन राह्यला!"

कोणी हसलं नाही. सारिका मात्र माधवकडे बघत होती, तापाच्या पेशंटकडे बघावं तशी.

"तुमच्या मानेवर काय हाये?"

"कपाळावरचंच, आत्ता लावलेलं," त्याची आई घाईनं म्हणाली.

"कपाळावरचं वल्लं हाये. मानेवरचं वाळलंय."

माधवनं मान खाली घातली. "आईनं सकाळीच लावल्तं, उद्याच्या तयारीला. हळद, बेसन आन् साय. धुताना मागचं राह्यलं." मग आईकडे न बघता म्हणाला, "रंगावरून मलाबी दोन ठिकाणी नको म्हनले."

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं त्या रडताहेत. पण खांदे हलायला लागले आणि हसू फुटलं. मग मंदा हसली, मग भगवानराव, आणि सारिका तर दाराला टेकून हसली. त्या पहिल्या बाई येऊन गेल्यापासून ती घरात हसलीच नव्हती. ते हसणं ऐकून मला रडू आलंच.

जाताना ते होकार देऊन गेले. सारिकाला विचारलं तर म्हणाली, "मानेमागं धूत न्हाई नीट. पन खरं बोलला."

पुढचे काही दिवस दुकानात लोक माझ्या पाया पडत राहिले. मी कोणाला काही सांगितलं नाही.

लग्नात सारिकानं स्वतःची हळद बाजूला ठेवली, "आधी आबा" म्हणाली आणि दोन्ही हातांनी माझ्या गालांना लावली. पुढं अल्बमवाल्याचा फोन आला. "काका, फोटोत सगळ्यांना गोरं करून देऊ का? सगळेच करून घेतात."

"बिलकुल न्हाई!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की मंदा चुलीपासून उठून आली. "जो जसा हाये तसाच दिसला पायजे! आमचा रंग आमच्या बापजाद्यांचा हाये!"

हे ऐकायला सारिका हवी होती, असं वाटलं. मंदासुद्धा चक्क कौतुकानं बघत होती. ती आत जाईपर्यंत मी फोन धरून ठेवला आणि मग हळूच म्हणालो, "फक्त हळदीच्या फोटोतला माझा पिवळेपणा तेवढा काढता आला तर बघा."