दूध बंद, फळे बंद

पत्रकात शत्रू एकच असावा, हा मी शिकलेला पहिला धडा. दोन शत्रू सांगितले की वाचणारा गोंधळतो आणि पत्रकात भजी बांधतो. एक सांगितला तरी भजी बांधतोच, पण मथळा वाचून मग बांधतो. कॉलेज संपल्यापासून मी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांमधल्या बायकांसाठी पत्रकं लिहिते. प्यायचं पाणी, संडास, जेवणाची सुट्टी, असल्या साध्या मागण्या. भाषा मात्र अशी की वाचणाऱ्याला वाटावं, उद्याच राज्य उलथणार आहे.

तर अशा बाईच्या हातात आपल्या धाकट्या बहिणीचं जेवण देऊ नये. आमच्या घरात ते दिलं गेलं. म्हणजे कुणी दिलं नाही, मी घेतलं.

बहीण वेटलिफ्टिंग करते. सहा आठवड्यांवर जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि तिला पंचावन्न किलोच्या गटात खेळायचं होतं. काट्यावर ती भरत होती छप्पन्न किलो आठशे. वजन उतरलं नाही तर वरच्या गटात जावं लागणार, आणि वरच्या गटात माढ्याची एक मुलगी होती, जी बहिणीपेक्षा दहा किलो जास्त उचलायची आणि उचलताना जांभई देईल की काय असं वाटायचं. थोडक्यात, एक किलो आठशे उतरले तर बहिणीला संधी, नाहीतर वर्ष वाया.

मॅडमनी, म्हणजे तिच्या कोचनी, तिला एवढंच सांगितलं होतं, "खाण्यावर जरा लक्ष ठेव." मला हे फारच मिळमिळीत वाटलं. लक्ष ठेव म्हणे! मी दोन संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघितले. एक दंडाचे गोळे दाखवणारा माणूस सांगत होता की दुधानं अंगात पाणी साठतं, आणि फळ म्हणजे देवाघरची साखर. माझं रक्त तापलं. मला व्हिडिओ पटला होता असंही नाही. मला शत्रू सापडला होता. साखर हा मुख्य शत्रू, दूध आणि फळ हे तिचे हस्तक. बसलं नियमात.

शनिवारी लाल स्केचपेन घेऊन मोठ्या कागदावर लिहिलं:

"सोमवारपासून दूध बंद! फळे बंद! कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही!"

आणि कागद लावला कुठं, तर घराच्या दारावर, बाहेरून. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पेढे, केळी घेऊन आत येऊ नये म्हणून.

आई कारखान्यातून आली, पिशवी हातात तशीच ठेवून तिनं ते वाचलं. ती टॉवेलच्या कडा शिवते, दिवसभर उभ्यानं.

"दूध बंद, तर च्या कशाचा करू?"

"कोरा कर."

"आन् भाकरीसंगं दही?"

"दही दुधाचंच असतं, आई."

"मला म्हाईत हाय कशाचं असतंय ते," आई म्हणाली. "मंद्रूपला आमच्या दारात दोन म्हशी हुत्या. तुझ्या फोनात किती हायत?"

मी स्केचपेनचं टोपण लावलं. प्रतिगामी विचारांशी वाद घालत बसू नये, हाही मी शिकलेला एक धडा.

रविवारी सकाळी समोरच्या काकू दारात आल्या. त्यांच्या घरी माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काय गं, किती दिवसांचा हाय?"

"सहा आठवडे, काकू. गरज पडली तर वाढवू."

"अय्यो! फळंबी?"

"फळं पण. यात सगळ्यांनी साथ दिली पाहिजे."

"लेकरांनी काय करायचं मग?"

"लेकरांना होते सवय," मी म्हणाले. मला वाटलं, बाई कौतुकानं विचारतायत.

दुपारपर्यंत गल्लीत दूध मिळेना. बायका पातेली घेऊन डेअरीवर गेल्या होत्या. काकूंनी सहा लिटर घेतलं, त्यांच्या जावेनं चार. गाडीवरची केळी घडासकट उचलली गेली. आणि चारच्या सुमाराला डेअरीवाले मामा टॉवेलला हात पुसत आमच्या दारात उभे राहिले.

"काय ताई, माझंच दुकान बंद, आन् मलाच म्हाईत न्हाय?"

मला उलगडा व्हायला जरा वेळच लागला. या गल्लीत मी 'बंद' हा शब्द आजवर एकाच अर्थानं लिहीत आले होते. त्यामुळे लोकांनी तो त्याच अर्थानं वाचला. वर माझ्याच तोंडून सहा आठवडे ऐकून घेतले.

मी मामांना समजावलं. बहिणीचं वजन, चाचणी, सगळं. ते हात पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे पोरीला दूध न्हाय पाजायचं म्हणून सगळ्या गावाला सांगितलंस व्हय?" आणि हसत गेले.

खरं सांगायचं तर आतून मला गुदगुल्या झाल्या होत्या. याआधी मी दिलेल्या बंदच्या हाकेला फक्त एक पानटपरी बंद राहिली होती, आणि तिचा मालक सासुरवाडीला गेला होता असं नंतर कळलं. इथं तर एका कागदानं गल्ली हलली! त्या कौतुकात मी मुख्य गोष्ट विसरले. कागदाखाली एक सतरा वर्षांची मुलगी राहत होती.

बहिणीनं बंद शिस्तीत पाळला. कोरा चहा प्यायची, पण कोरा कडू लागतो म्हणून दोन चमचे साखर जास्त. दही नाही, म्हणून भाकरीवर शेंगाची चटणी, आणि चटणी कोरडी लागते म्हणून वर तेल. सरावाहून आली की आधी पेरू खायची, तो बंद, मग बिस्किटं. माझ्या कागदात बिस्किटांचं नाव नव्हतं. नियम म्हणजे नियम. मीही हिशोबी डोळ्यांनी बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे, दूध नाही, फळ नाही, छान चाललंय.

दोन आठवड्यांनी ती काट्यावर उभी राहिली. सत्तावन्न किलो दोनशे. चारशे ग्रॅम वाढलं होतं.

त्याच संध्याकाळी मॅडमनी मला सरावाच्या हॉलवर बोलावलं. नेहमी सहज निघणारं वजन बहिणीच्या हातून दोनदा सुटलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"हिला दूध, दही, फळं कुणी बंद करायला लावली?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"तुम्ही आहारातलं शिकलाय?"

"नाही. मी पत्रकं लिहिते."

मॅडमनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं. "दूध पचत नाही का हिला? पोट बिघडतं?"

"नाही, लहानपणापासून पिते."

"मग दुधानं तुमचं काय वाकडं केलंय?"

मी सुरू झाले. साखर, कंपन्या, जाहिराती, लोकांच्या अज्ञानावर चालणारा बाजार. चांगलं पाच मिनिटं बोलले. मॅडमनी मध्ये अडवलं नाही, त्यामुळे मला वाटलं पटतंय. थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं? यात हिनं खायचं काय ते सांगा."

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. आठवणार कुठून, मी ते लिहिलंच नव्हतं.

"वाटीभर दही, कपभर बिनसाखरेचं दूध, एक पेरू, यानं वजन वाढत नसतं," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं तेवढं खाल्लं म्हणून उतरतही नसतं. दिवसभराचं सगळं मिळून बघावं लागतं. ही लोखंड उचलते, तिला काहीतरी घालायला नको का पोटात? चटणी चमचाभर, तेल नको. चहा एकदा. रस नको, फळ चावून खायचं. बिस्किटं किती खाते रोज?"

"आठ," मी ठासून सांगितलं. मोजूनच सांगत होते.

"अक्का," बहीण भिंतीपाशीच म्हणाली, "आठ न्हाय गं. पुडा खाते. बाथरूममध्ये."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या कारखान्यातल्या बायका मुकादमाची पाठ फिरली की मशीनच्या आडून भाकरीचा तुकडा तोंडात टाकतात. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, तिन्ही तावातावानं. आणि माझ्याच घरात एक पोरगी नळ सोडून बिस्किटं खात होती, मला कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून.

"सांगितलं का नाहीस मला?"

"तू ऐकून घेणार न्हाय असं लिवलंवतंस की दारावर," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिनं वाचलं होतं आणि खरं मानलं होतं.

घरी येऊन कागद फाडला. मामा दुकानातून बघत होते. "मागण्या मान्य झाल्या का ताई?"

"नाही मामा, आम्ही हरलो," मी म्हणाले आणि अर्धा लिटर घेतलं.

पुढचे चार आठवडे सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच मला जड गेलं. ना घोषणा, ना शत्रू. आई सकाळी दही लावायची, बहीण वाटीनं खायची. भाकऱ्या तीनच्या दोन झाल्या, पालेभाजी वाढली, बिस्किटांचे पुडे आई शेजारच्या पोरांना देऊन आली. काटा आठवड्याला थोडा थोडा खाली यायचा. एका आठवड्यात जागचा हलला नाही तेव्हा ताक बंद करावं का, असं माझ्या मनात आलं. आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासायला गेले.

चाचणीच्या सकाळी वजन घेतात त्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. मी बाहेर उभी राहून काटा सदोष निघाल्यास काय काय बोलायचं ते मनात तयार करत होते. चार मुद्दे झालेही. तेवढ्यात बहीण बाहेर आली, स्वेटरमध्ये डोकं घालत.

"चोपन्न आठशे," ती आतूनच म्हणाली. "अक्का, केळी आण. लवकर."

मी धावले. मैदानाच्या फाटकापाशी गाडीवर केळी मिळाली. दोन तिनं उभ्या उभ्या खाल्ली. तिसरं मी सोलत होते तेवढ्यात तिच्या गटाला पुकारलं. ती हातांना खडू लावून आत गेली. बार छातीशी घेतला, डोळे मिटले, पाय फाकवले, आणि हात सरळ वर. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे लागले, म्हणजे वजन मान्य.

मी जोरात टाळी वाजवली. सोललेलं केळं माझ्या हातातच होतं, त्याचा लगदा झाला. शेजारी उभ्या असलेल्या माढ्याच्या मुलीच्या आईनं मला आपला रुमाल दिला.